लॅमिनेट केलेली प्रार्थना

मुलांनो, हे मी मराठीत लिहिते आहे. धाकट्याला वाचायला जड जाईल, त्याने आईकडून वाचून घ्यावं. इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं, जन्मभर शाळेत तेच शिकवलं. पण इंग्रजीत लिहायला बसले की मी आहे त्यापेक्षा नेहमी बरी दिसते, हे मला या वर्षी कळलं.

थोरलीने माझ्याकडे देवाला आई म्हणण्याबद्दल एक लहानसा लेख मागितला होता. तो मी पाठवला नाही. ती दोनदा आठवण करून देऊन थकली आणि मग गप्प बसली, बहुतेक आजीची तब्येत बरी नसेल असं समजून. तब्येत उत्तम आहे. न पाठवण्याचं कारण वेगळं आहे आणि ते सांगताना मला लाज वाटते.

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायकांची बुधवारची प्रार्थनासभा तुम्ही पाहिली आहे. चार वाजता, माझ्याच घरी, कारण माझा हॉल मोठा आहे आणि खुर्च्या पुरतात. आम्ही बारा-तेरा जणी असतो. कोणी गीत सांगायचं, कोणी वचन वाचायचं, कोणी प्रार्थना करायची, चहाबरोबर काय आणायचं, हे सगळं मी वहीत पाळीने लिहून ठेवते. टपालखात्यातून निवृत्त झालेली माझी मैत्रीण मला चिडवते, "बाई, तुमच्या वहीत देवाचीसुद्धा हजेरी लागत असेल." मी हसते, पण मला ते आवडतं. शिस्त नसली की चार बायकांची सभा म्हणजे नुसत्या गप्पा होतात.

या सभेत एक मावशी येतात. त्यांचं नाव लिहीत नाही, आम्ही सगळ्या मावशीच म्हणतो. गावातल्या एका बाळंतपणाच्या दवाखान्यात त्या आया होत्या, आता घरी असतात. नवरा बरीच वर्षं झाली गेला. एक मुलगी, दापोलीजवळ दिली आहे. मावशी सभेत कोपऱ्यातल्या खुर्चीवर, माझ्या शेजारी बसत. गीताचा नंबर सांगितला की बरोबर ते पान काढत आणि सगळी कडवी न अडखळता म्हणत. चहा झाला की कप उचलून मोरीत नेत. "असू द्या" म्हटलं तरी ऐकत नसत आणि मीही दुसऱ्यांदा म्हणत नसे.

पाळी आली की मावशी प्रार्थना करत ती अशी, की ऐकणारीने खाली बघावं. आम्ही बाकीच्या "हे स्वर्गीय पित्या" म्हणून सुरुवात करतो. मावशी "आये गो" म्हणत. मग शेजारणीशी बोलावं तसं बोलत. कोणाचं पोर तापलंय, कोणाचा नवरा बोटीवरून अजून परतला नाही, सगळं. आम्हाला सवय झाली होती. कोणी काही म्हणत नसे. मीही मनात नोंद करून गप्प बसे.

त्या बुधवारी पुण्याच्या एका मोठ्या मंडळीतून दोन पाहुण्या आल्या होत्या. इस्त्रीच्या साड्या, शुद्ध बोलणं, जवळ स्वतःची गीतपुस्तकं. मी चांगले कप काढले होते. आणि वहीप्रमाणे नेमकी पाळी मावशींची. मावशींच्या मुलीला तेव्हा आठवा महिना होता. त्याआधी तिची दोन बाळं गेली होती, एक पोटातच आणि एक जन्मल्यावर दुसऱ्या दिवशी. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, पाहुण्यांना नव्हतं.

मावशी उभ्या राहिल्या, डोळे मिटले.

"आये गो, तू बाईमाणूस. तुला काय सांगायचं? माझ्या पोरीची दोन पोरं हातची गेली. ह्या टायमाला तू आत जा. तिच्या कमरेला हात लाव. तिला भ्या वाटतंय, ती सांगत नाय, पण मला कळतंय. दुसरं काय मागत नाय. येशूच्या नावानं मागते, आमेन."

माझं आमेन उमटायच्या आत पाहुण्यांपैकी वयाने मोठ्या बाईने मान माझ्याकडे झुकवली आणि हसून हळूच विचारलं, "ही कुठल्या देवीची आळवणी हो?"

मला घाम फुटला. तुम्हाला हे समजायला कठीण जाईल. आपलं घराणं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती आहे. लहानपणी शेजारच्या मुली विचारायच्या, "तुमच्यात देवी नसते? मग आजारी पडलात तर कोणाला सांगता?" मी ताठ मानेने सांगायची की आमचा एकच देव आहे आणि तो आमचा पिता आहे. आमच्यात आणि त्यांच्यात तोच फरक होता. तो सांभाळणं हे माझं काम आहे असं मला आपलं वाटत आलं. आणि आता पुण्याच्या बाईसमोर, माझ्या हॉलमध्ये, माझ्या वहीतल्या पाळीने हे झालं होतं. मला मावशींची लाज वाटली. त्यांनी आत्ता काय मागितलं, ते माझ्या डोक्यात क्षणभरही आलं नाही.

पाहुण्या गेल्यावर मैत्रीण म्हणाली, "सोडा हो बाई. देवाला ऐकू गेलं म्हणजे झालं."

"देवाला जातं तसं पाहुण्यांनाही जातं," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी एक प्रार्थना लिहिली. नीट, वळणदार. स्टँडजवळच्या दुकानात ती मोठ्या अक्षरांत टाइप करून घेतली आणि टिकावी म्हणून लॅमिनेट केली. सुरुवात "हे परम कृपाळू स्वर्गीय पित्या" अशी होती. पुढे मंडळी, पाळक, राज्यकर्ते, प्रवासी, आजारी आणि गरजू जन, सगळे क्रमाने होते. कार्ड घेऊन मी स्वतः मावशींच्या घरी गेले, म्हणजे त्यांना वाईट वाटणार नाही.

त्यांनी हात पुसले आणि कार्ड दोन्ही हातांनी घेतलं. "येवढं माझ्यासाठी केलंत, बाई?"

"पुढच्या बुधवारी हे वाचा," मी म्हटलं. "म्हणजे गडबड होत नाही. मावशी, देव आपला पिता आहे. आपण आई म्हटलं की ऐकणाऱ्याला भलतंच वाटतं."

मावशी कार्डाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं बाई."

पुढच्या बुधवारी मी वहीतली पाळी बदलून पुन्हा त्यांचंच नाव घातलं. त्या उभ्या राहिल्या. कार्ड समोर धरलं. आणि काहीच बोलल्या नाहीत. पंख्याचा आवाज येत होता. मला वाटलं, दडपण आलं असेल.

"चष्मा विसरलात वाटतं, मावशी?" मी विचारलं.

"व्हय. विसरले," त्या म्हणाल्या.

"अहो, डोक्यावर काय आहे मग?" मागून कोणी तरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या. मीसुद्धा हसले. मावशींनी घाईघाईने चष्मा डोळ्यांवर ओढला आणि पुन्हा कार्डाकडे बघितलं. त्यांचे ओठ हलले, आवाज आला नाही. तेव्हा मी उठले, मदत म्हणून त्यांच्या हातातलं कार्ड घेतलं आणि शाळेत वाचायची तशी खणखणीत आवाजात प्रार्थना वाचून काढली. वाचून झाल्यावर कार्ड त्यांना परत दिलं. त्यात त्यांच्या मुलीचा उल्लेख कुठेच नव्हता, हे त्या वेळी माझ्या लक्षातही आलं नाही.

त्यानंतर मावशी सभेला आल्या नाहीत. मुलीकडे दापोलीला गेल्या असं कळलं. मी वहीत त्यांच्या नावापुढे गैरहजर लिहीत राहिले.

त्याच दिवसांत एका संध्याकाळी थोरलीचा, म्हणजे तुझा, व्हिडिओ कॉल आला. तुझ्याकडे सकाळ होती, तू कॉफी पीत होतीस. तू म्हणालीस, आमच्या विद्यापीठाच्या चॅपेलमध्ये नवीन बाई पाळक आल्या आहेत. त्या देवाला कधी आई म्हणतात, "तो" म्हणायच्या जागी "ती" म्हणतात. काही लोक उठून गेले, काही रडले. "आजी, तुला धक्का बसला का?" असं विचारताना तुझ्या चेहऱ्यावर थोडी भीती होती.

मला धक्का बसला नाही. मला छान वाटलं. इंग्रजीत ते सगळं इतकं सभ्य वाटत होतं. मी तुला तिथल्या तिथे उत्तर दिलं, इंग्रजीतच, आणि उत्तम दिलं. देव पुरुषही नाही आणि स्त्रीही नाही, आपली भाषा तोकडी आहे, बायबलमध्येसुद्धा देवाची माया आईच्या मायेसारखी सांगितली आहे, कोंबडी पिलांना पंखाखाली घेते तशी. मी म्हटलं, जिला बापाचा धाकच माहीत आहे तिने आई म्हटलं तर देवाला राग कशाला येईल?

तुझे डोळे चमकले. "आजी, तू किती वेगळी आहेस गं," तू म्हणालीस. "हे सगळं मला लिहून दे, आमच्या चॅपेलच्या पत्रिकेत छापू. रत्नागिरीत बसलेली माझी आजी असं म्हणते, हे लोकांना कळू दे."

फोन ठेवल्यावर मी चहा केला आणि लिहायला बसले. पहिला परिच्छेद सुरेख उतरला. दुसऱ्यात एखादं उदाहरण हवं होतं, जवळच्या आयुष्यातलं. मी विचार करत बसले आणि उदाहरण आठवलं. पेन ठेवलं. पुण्याची बाई हसली तेव्हा घाम फुटला होता, पण आता जे वाटलं ते निराळं होतं. तीच गोष्ट नातीने परदेशातून सांगितली तर ती विचार ठरली आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवरून मावशींनी सांगितली तर तो अडाणीपणा ठरला. दोन्ही ठिकाणी न्याय करायला मीच बसले होते.

तीनेक आठवड्यांनी कळलं की मावशी परत आल्या आहेत, मुलगी आणि बाळ घेऊन. मुलगी झाली होती, धडधाकट. मी लोकरीचं टोपडं घेऊन गेले. माफी मागायची असं ठरवूनच गेले होते, वाक्यंही जुळवली होती.

मावशी अंगणात दुपटी वाळत घालत होत्या. मला बघून त्यांनी खुर्ची पुसून दिली. मी वाक्य सुरू करणार, इतक्यात त्यांची मुलगी बाळाला घेऊन बाहेर आली आणि हसत म्हणाली, "बाई, आयेनं तुमची प्रार्थना पाठ केलीय! मला रोज वाचायला लावायची, एकेक ओळ. पोटात कळा यायला लागल्या तरी म्हणते, ती राज्यकर्त्यांची ओळ परत सांग."

"गप गो," मावशी म्हणाल्या.

मला एकदम कळलं नाही. मग कळलं. गीताचे नंबर त्या ओळखत, कारण दवाखान्यात खाटांचे नंबर ओळखावे लागत. बाकी अक्षर त्यांना येत नव्हतं. गीतं पाठ होती, पुस्तक नुसतं धरलेलं असायचं. अकरा वर्षं त्या माझ्या खुर्चीशेजारी बसल्या. मी शिक्षिका. वर्गात शेवटच्या बाकावरचं पोर वाचायचं सोंग करत असेल तर मी दारातून ओळखायची.

मी काही बोलायच्या आत मावशी सरळ उभ्या राहिल्या, हात जोडले आणि म्हणायला लागल्या, "हे परम कृपाळू स्वर्गीय पित्या..." मंडळी, पाळक, राज्यकर्ते, प्रवासी. एक शब्द चुकला नाही. परीक्षा देणाऱ्या मुलीसारखा आवाज. आमेन म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

आणि मुलांनो, मी म्हटलं, "शाब्बास!"

तोंडातून गेलं. इतक्या वर्षांची सवय. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसला, तो बघून मला जमिनीत जावंसं वाटलं. जुळवून आणलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. नंतर मुलगी बाळाला घेऊन आत गेली तेव्हा मी कसंबसं विचारलं, "मावशी, तुमची ती पूर्वीची प्रार्थना... तुम्ही देवाला आये का म्हणायचात?"

त्यांना त्यात विचारण्यासारखं काय आहे तेच कळेना. "दवाखान्यात बाप बाहेर असतो ना, बाई," त्या म्हणाल्या. "बाकड्यावर. चांगला असला तरी बाहेरच. रडत असला तरी बाहेर. आत येते ती आये, नाय तर सासू, नाय तर आमच्यासारखी आया. मला आत येणारी पायजे होती."

"मग आता का नाही म्हणत?"

"म्हणायला गेले होते. पोरीला आत नेली तेव्हा. पण तुमचं कार्ड आठवलं. म्हटलं, चुकलं तर? ह्या टायमाला चुकायला नको." त्या दुपट्याच्या घड्या घालत होत्या. "मग तुमचीच म्हटली. सगळी. राज्यकर्त्यांसकट."

मुलीला आत नेल्यावर, दापोलीच्या त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात, जन्मभर ज्या आईशी त्या बोलत आल्या तिला हाक मारायची त्यांना भीती वाटली. ती भीती मी त्यांना दिली होती, मोठ्या अक्षरांत आणि पाण्याने खराब होणार नाही अशी. मी "माझं चुकलं" म्हटलं. त्या म्हणाल्या, "तुमचं काय चुकलं? तुम्ही चांगलंच शिकवलंत." मी उठले. घरी आले.

घरी येऊन मला वाटायला लागलं की ही माफी पुरेशी नाही. चूक सगळ्यांदेखत केली होती, मग माफी अंगणात एकट्याने मागून कसं चालेल? हे मला फार न्यायाचं वाटलं. मैत्रिणीला फोन करून सांगितलं, येत्या बुधवारी मी सभेत उभी राहून सगळं कबूल करणार.

"मावशींना विचारलंत का?" तिने विचारलं.

"माफी मागायला परवानगी कशाला लागते?"

ती म्हणाली, "बरं. बाईंचं ठरलेलं दिसतंय."

बुधवारी मावशी आल्या. नातीचे पेढे आणले होते. गीत झालं, वचन झालं आणि मी उभी राहिले. तयारी केली होती, टिपणही होतं. मी सांगितलं की मावशी देवाला आये म्हणत ते योग्यच होतं आणि मी ते पाहुण्यांच्या लाजेखातर बंद केलं. नातीला मी फोनवर काय सांगितलं तेही सांगितलं. बायका शांत ऐकत होत्या, एकीने डोळे पुसले. मला आतून हलकं वाटायला लागलं. आणि त्या हलकेपणात मी पुढे म्हणाले, "आणि मी इतकी आंधळी, की ज्यांना अक्षर येत नाही त्यांच्या हातात मी छापील कार्ड दिलं आणि वर त्यांना चष्म्यावरून हसले."

 सगळ्यांची तोंडं मावशींकडे वळली. त्या मांडीवरच्या गीतपुस्तकाकडे बघत होत्या. ते उघडं होतं, बरोबर पानावर. त्यांनी ते हळूच मिटलं.

मग त्या दिवशी प्रार्थना कोणी केली ते मला आठवत नाही.

चहा झाल्यावर मावशींनी कप उचलले. मी त्यांच्यामागून मोरीत गेले आणि फडकं घेतलं. त्या माझ्याकडे न बघता कप विसळत होत्या.

"तुम्ही कशाला काढलंत ते, बाई?"

"मला माफी मागायची होती."

"मागितलीत. अंगणात मागितलीत ना, मी ऐकली की." त्यांनी नळ बंद केला. "मला वाचता येत नाय हे माझ्या नवऱ्याला ठाऊक होतं, पोरीला ठाऊक हाय आणि तिला." तिला म्हणजे कोणाला, ते मला विचारावं लागलं नाही. "आता तुम्ही सगळ्यांना सांगितलंत. ते माझं होतं. सांगायचं असतं तर मी सांगितलं असतं."

मी पुन्हा माफी मागणार होते. तोंड उघडलंसुद्धा. पण दर वेळी मी माफी मागायला गेले की काही तरी त्यांचंच खर्ची पडतं, हे तेवढ्यात लक्षात आलं.  आम्ही दोघींनी उरलेले कप पुसले. बाहेर कोणी तरी पेढ्यांचं कौतुक करत होतं, नेहमीपेक्षा जरा मोठ्याने.

पुढचे दोन बुधवार त्या आल्या नाहीत. वहीत मी काही लिहिलं नाही. तिसऱ्या बुधवारी मैत्रीण त्यांना घरून घेऊन आली. काय बोलून आणलं ते तिने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्यांच्या हातात गीतपुस्तक नव्हतं. गीतं त्यांनी तशीच म्हटली, समोर बघून. एक-दोघींनी आपलं पुस्तक त्यांच्यासमोर धरायचा प्रयत्न केला, त्यांनी मान हलवून नको म्हटलं.

सभेनंतर मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, पाळीत नाव ठेवू का काढू. तुमचं जे म्हणणं असेल ते.

"ठेवू पण नका, काढू पण नका," त्या म्हणाल्या. "मला नुसती बसू द्या."

म्हणून वहीत त्यांच्या नावापुढचा रकाना मोकळा आहे. मला मोकळा रकाना बघवत नाही, पण तो तसा आहे.

देवाला "तो" म्हणावं का "ती" म्हणावं, यावर तुमच्या चॅपेलमधली माणसं भांडत असतील तर भांडू देत, चांगल्यासाठीच भांडत असतील. मला त्यावर मत देण्याचा हक्क सध्या नाही. मी घरी एकटी असताना आये म्हणून बघितलं. दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरल्यासारखं वाटलं. माझ्या तोंडी पिताच येतो, कदाचित शेवटपर्यंत येईल. त्याची मला लाज नाही.

मावशी आता दर बुधवारी येतात. सगळ्यांचे डोळे मिटतात तेव्हा त्या माझ्या शेजारी काही म्हणतात की नाही, कोणाशी म्हणतात, ते मला माहीत नाही. मी डोळे घट्ट मिटून घेते आणि बघायचं नाही असं स्वतःला बजावते.